टाचणीला लावलेली शिफारस

माझ्या मावशीच्या लाँड्रीतून कपडे घरी आणले की आधी चिठ्ठी वाचायची आणि मग कपडे उलगडायचे, अशी आमच्या गल्लीत रीतच पडून गेली होती. बिलाची चिठ्ठी वेगळी. ही दुसरी, कपडे गुंडाळायच्या तपकिरी कागदाच्या तुकड्यावर मावशीच्या तिरप्या अक्षरात लिहिलेली आणि टाचणीने गठ्ठ्याला लावलेली. तिच्यावर एखाद्या कादंबरीची, सिनेमाची नाहीतर कॅसेटची शिफारस असायची. शिफारस म्हणजे गुळमुळीत काही नव्हे. ‘भुताचा सिनेमा. भूत उत्तम, नायक टाकाऊ. एकट्याने बघू नये. नवऱ्याबरोबर तर मुळीच नको, तो झोपतो.’ किंवा, ‘परग्रहावरची कादंबरी. पहिली पन्नास पानं नुसती यंत्रं, ती सोडून द्या. शेवटी रडू येईल. रुमाल धुवायला आमच्याकडेच आणा.’

मावशीला तीनच गोष्टींत रस: खून, भुतं आणि परग्रह. कौटुंबिक कादंबरी कुणी हातात दिली तर ती दोन बोटांत धरून परत करायची आणि म्हणायची, “हे घरात फुकट मिळतं की.” गल्लीत तिला सगळे ‘सस्पेन्स मावशी’ म्हणत. तिला ते नाव इतकं आवडलेलं की दुकानाच्या पाटीवर रंगवून घ्यायचं तिच्या मनात होतं. पण रहस्याच्या नावाच्या दुकानात आपला चांगला कोट कोण टाकील, या विचाराने ते राहून गेलं.

कुणाला काय वाचायला द्यायचं हे ती कपड्यांवरून ठरवायची. ज्याच्या शर्टाची सगळी बटणं गळ्यापर्यंत लावलेली, त्याला भुतं. ज्याचे खिसे खाण्यापिण्याच्या डागांनी मळलेले, त्याला परग्रह, कारण तो माणूस इथे नीट राहत नाहीच आहे. गाण्याच्या बाई म्हणून एक शिक्षिका समोरच्या जिन्यावरच्या खोलीत राहायच्या. त्यांना तिने भयपटांच्या पार्श्वसंगीताची कॅसेट दिली. ‘संध्याकाळी दिवा न लावता ऐका, मन शांत होतं.’ बाईंनी ती शिकवणीच्या वेळी लावली तेव्हा दोन मुली रडत घरी गेल्या. बाई मात्र तिच्या कायमच्या भक्त झाल्या.

मावशीचा मोठा अभिमान म्हणजे खुनी ओळखणं. सिनेमा असो की पुस्तक, अर्ध्याच्या आत तिचं बोट एका माणसावर पडायचं आणि ते कधी चुकायचं नाही. पण गिऱ्हाइकाला शेवट सांगणं तिला पाप वाटे. “खुनी परवडला, शेवट सांगणारा नको,” असं ती म्हणायची. एखादा बोलण्याच्या ओघात घसरू लागला तर ती सरळ त्याच्या तोंडापुढे हँगर धरायची.

शेवटासकट सगळं ऐकायचा मान फक्त काकांना होता. काका म्हणजे मावशीचे यजमान. दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात, खिडकीखाली, त्यांचं इस्त्रीचं टेबल. पुढे काउंटरशी उंच स्टुलावर बसून मावशी बोलायची आणि मागे वाफेत उभे राहून काका ऐकायचे. निदान आम्हाला तसं वाटायचं. कारण काकांकडून उत्तर यायचं ते एकच: “हं.” खून झाला, “हं.” भूत निघालं ते नायिकेची मेलेली बहीण, “हं.” उडती तबकडी उतरली, पृथ्वी बुडाली, “हं.” मी लहानपणी त्या ‘हं’ची नक्कल करायचे आणि मावशी हसून हसून बेजार व्हायची. काकाही गालातल्या गालात हसायचे आणि दुसरा शर्ट ओढून घ्यायचे.

मग एका दुपारी ते बिनसलं. मावशी एका नव्या सिनेमाची गोष्ट रंगात येऊन सांगत होती. काकांच्या टेबलावर कुणाच्या तरी लग्नाचा रेशमी पोशाख होता, नुसत्या चुण्याच चुण्या. खुन्याचं नाव तेवढं राखून तिने गोष्ट संपवली. मावशीने विचारलं, “मग? कोण असेल तो, सांगा बघू?”

“हं,” काका म्हणाले.

“हं काय? मी विचारलंय तुम्हाला.”

काकांनी मान वर केली नाही. रेशमावर गरम इस्त्री असताना कुणीच करणार नाही. पण मावशीला ते दिसलं नाही. ती स्टुलावरून उतरली. “इतकी वर्षं भिंतीला सांगितलं असतं,” ती म्हणाली, “तर निदान एखादा पोपडा तरी पडला असता.”

दुसऱ्या दिवसापासून चिठ्ठ्या बंद. गठ्ठ्यावर नुसतं बिल. गिऱ्हाइकं गठ्ठा उलटा करून बघायची, खाली पडली का म्हणून वाकून शोधायची. मावशी म्हणायची, “संपलं ते. कपडे तपासून घ्या.” कॅसेटवर धूळ बसली. ती स्टुलावर बसून रस्त्याकडे बघत राहायची. मी एकदा धीर करून विचारलं, “वाचायचा कंटाळा आला का गं?”

“वाचायचा नाही,” ती म्हणाली. “वाचून झाल्यावर काय करू? पुस्तक मिटलं की सांगावंसं वाटतं बघ. आणि सांगायला घरात माणूस लागतो.”

माणूस मागेच उभा होता. उशांचे अभ्रे इस्त्री करत होता.

मी तेव्हा एका लहानशा छापखान्यात अक्षरजुळणी करायचे. पत्रकं, पावतीपुस्तकं, भाड्याच्या करारांचे नमुने, असलं रुक्ष काम. हिवाळा सरत आला होता. एका सकाळी काका दारात उभे. छापखान्यात ते कधीच आले नव्हते. काखेत तपकिरी कागदांची चळत, नीट घडी घालून दोरीने बांधलेली, अगदी शर्टाच्या गठ्ठ्यासारखी.

“हे छापून होईल का?” त्यांनी विचारलं. एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकलं होतं ते मला आठवेना.

ती कादंबरी होती. ‘ओल्या कोटाचं रहस्य’. काकांच्या बारीक, सरळ अक्षरात, कपडे गुंडाळायच्या कागदाच्या दोन्ही बाजूंनी. एक खानावळवजा घर, तिथे राहणारे भाडेकरू, घरमालकाचा खून आणि कोरड्या ठणठणीत दिवशी दाराशी टांगलेला एक चिंब ओला कोट. मी घरी नेऊन एका बैठकीत वाचली. दुसऱ्या दिवशी काका पुन्हा आले आणि म्हणाले, “कोण वाटलं?”

“मधेपर्यंत डॉक्टर,” मी म्हटलं. “अगदी पैज लावली असती.”

“हं,” काका म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा खुलला की मला हसू आवरेना.

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि मी जुळणीचं काम सोडून ऐकत बसले. मावशीची खुनी ओळखायची एक पद्धत होती. सुरुवातीलाच जो फार मदत करतो त्याच्यावर ती डोळा ठेवते. खून झाला तेव्हा आपण कुठे होतो हे न विचारता सांगणारा तिला लगेच खटकतो. मोठा नट छोट्या कामात दिसला की ती सिनेमाला मध्यंतरातच रामराम ठोकते. कुणाचा फोटो दोनदा दाखवला, कुणाचा हात बांधलेला असला, कुणी कुत्र्याशी जास्तच प्रेमाने बोललं, प्रत्येकाचं तिचं उत्तर ठरलेलं. काका एकेक सांगत गेले आणि प्रत्येक गोष्ट तिने कुठला सिनेमा सांगताना म्हटली होती तेही. तेव्हा टेबलावर कुठले कपडे होते हेसुद्धा त्यांना आठवत होतं. पुराच्या सिनेमाच्या वेळी हॉटेलचे टेबलक्लॉथ. आरशातल्या भुताच्या वेळी बँकेच्या साहेबांचा राखाडी सूट.

“काका, हे सगळं तुमच्या लक्षात आहे?”

“रोज सांगायची ना.”

“मग तिला सरळ सांगा की! मी ऐकत होतो म्हणून सांगा. ती वेडी होईल आनंदाने.”

काकांनी मान हलवली. “आता सांगितलं तर म्हणेल, मन राखायला बोलताय.” थोडा वेळ ते कागदाच्या कडा सारख्या करत राहिले. “तिला एकदा फसवायचंय. तिचं सगळं ऐकल्याशिवाय तिला कोणी फसवू शकणार नाही. फसली, की कळेल तिला.”

“आणि नाही फसली तर?”

नाही फसली तर ते पुस्तक अर्ध्यावर मिटलं जाणार होतं, लेखकाला चार शिव्या बसणार होत्या आणि मावशी पुन्हा रस्त्याकडे बघत बसणार होती. हिवाळाभर लिहिलेलं सगळं त्या एका बोटावर अवलंबून होतं.

मी उरल्यासुरल्या कागदावर थोड्याच प्रती काढल्या. लेखकाचं नाव खोटं टाकलं, मुखपृष्ठावर कोट. आता मावशीपर्यंत पोचवायचं कसं? ती तर पुस्तकाला हात लावत नव्हती. काकांनी त्याचाही विचार केलेला. कपडे यंत्रात टाकण्यापूर्वी मावशी प्रत्येक खिसा तपासायची. खिशात सापडलेली वस्तू डब्यात ठेवायची आणि सापडलेलं पुस्तक परत देण्याआधी वाचायचं, हा तिने स्वतःला बहाल केलेला हक्क होता. तेवढी सवय तरी सुटली नसेल. म्हणून काकांनी एक प्रत गाण्याच्या बाईंच्या, धुवायला आलेल्या निळ्या कोटाच्या आतल्या खिशात सरकवली आणि कोट खुंटीला टांगला.

फक्त घाईत खुंटी चुकली. जन्मभर ज्या माणसाने एक मोजा इकडचा तिकडे होऊ दिला नाही, त्याने धुवायच्या कोटांऐवजी धुऊन तयार असलेल्या कोटांत तो निळा कोट टांगला. संध्याकाळी गाण्याच्या बाई आल्या, मावशीने बिल टाचलं आणि कोट पुस्तकासकट समोरच्या जिन्यावर गेला. काका ते पाहत उभे. ओरडावं तर बिंग फुटणार, न ओरडावं तर पुस्तक गेलं. त्यांनी काहीच केलं नाही. रात्री म्हणे जेवलेही नीट नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी छापखान्यातून दुपारच्या सुट्टीत दुकानात डोकावले, आणि बाई दारातून आत आल्या त्या पुस्तक घेऊन, हात पसरूनच.

“मावशी! सुरू केलंत पुन्हा! चिठ्ठीऐवजी आख्खं पुस्तक! खिशात हात घातला आणि काय सांगू तुम्हाला, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. काय लिहिलंय हो! मला तर शेवटपर्यंत वाटत होतं तो डॉक्टरच, आणि निघाला कोण तर तो...”

“थांबा!”

दुकानात इतका मोठा आवाज यंत्राचाही कधी झाला नव्हता. मावशी स्टुलावरून जवळजवळ पडलीच. काका टेबलाच्या मागून बाहेर आले होते. एका हातात इस्त्री तशीच, वायर ताणलेली, चेहरा लालबुंद.

“शेवट सांगू नका,” काका म्हणाले. “हिनं वाचलं नाहीये अजून.”

बाईंनी तोंडावर हात ठेवला. मावशी एकदा काकांकडे, एकदा बाईंकडे बघत राहिली. मी काउंटरची कड धरून उभी. मग मावशी हळूच म्हणाली, “तुम्ही वाचलंय?”

“हं,” काका म्हणाले आणि परत टेबलाशी गेले. बाईंचं ऐकता ऐकता इस्त्री एका जागी राहून टेबलावरचा अभ्रा करपला होता.

ज्या पुस्तकाने आपल्या नवऱ्याला ओरडायला लावलं ते पुस्तक मावशीने वाचलं नसतं तर आभाळ कोसळलं असतं. तिने बाईंकडून ते जवळजवळ हिसकावूनच घेतलं. चष्मा पुसला, स्टूल भिंतीला लावलं आणि पहिलं पान उघडलं. त्यानंतरचे दिवस मी रोज काही ना काही निमित्त काढून दुकानात जायचे. घरात धुवायचे कपडे संपले तेव्हा धुतलेलेच घेऊन गेले.

“डॉक्टर,” ती पहिल्याच दिवशी म्हणाली. “उगाच मदत करतोय मेला.” काकांची इस्त्री चालत राहिली. दुसऱ्या दिवशी तिच्या कपाळावर आठी. “डॉक्टर नाही. फारच सोपं होतंय. मालकिणीचा भाचा. विचारलं नाही तरी सांगत सुटलाय कुठे होतो ते.” त्याच्या पुढच्या दिवशी भाच्याचाही खून झाला आणि मावशीने पुस्तक मांडीवर आपटलं. “अहो, हे काय! भाचा गेला की!”

“हं.”

“हं काय हं! मी कुत्र्याच्या मालकिणीवर होते सुरुवातीला, उगाच बदललं.” ती कुत्र्याच्या मालकिणीवर कधीच नव्हती. पण मी तिला आठवण करून दिली नाही, कारण ती किती दिवसांनी अशी तावातावाने बोलत होती. गिऱ्हाइकं काउंटरशी ताटकळत होती आणि कोणी तक्रार करत नव्हतं. कुणीतरी हळूच कॅसेट लावली. वाफेतून ते भेसूर व्हायोलिन घुमायला लागलं आणि दुकान पुन्हा आपलं वाटायला लागलं.

शेवटच्या दुपारी ती एक शब्दही बोलली नाही. पानं उलटत गेली. काका एकच शर्ट परत परत करत होते. तो आता पत्र्यासारखा ताठ झाला असावा. मावशीने शेवटचं पान वाचलं आणि पुस्तक मिटलं.

“घड्याळवाला,” ती म्हणाली.

त्या खानावळीत एक घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा राहायचा. बैठकीच्या खोलीत कोपऱ्यात, शेगडीजवळच्या खुर्चीवर बसून चाकं लावायचा. सगळे भाडेकरू त्याच्यासमोर भांडायचे, गुपितं बोलायचे, किल्ल्या कुठे ठेवल्यात ते सांगायचे, कारण तो तिथे आहे हेच कुणाच्या ध्यानात नसायचं. त्याने सगळ्यांचं सगळं ऐकलेलं होतं.

मावशी पुन्हा पहिल्या पानावर गेली. बोट ओळींवरून फिरवू लागली. “हा इथे बसलाय,” ती म्हणाली. पान उलटलं. “इथेही. खून उघडकीला आला तेव्हासुद्धा, हा बघ, खोलीतच आहे. मालकीण त्याला म्हणते, ऐकलंत का हो? आणि हा म्हणतो...” ती थांबली. मग तिने तो शब्द वाचला, अगदी बारीक आवाजात. “हं.”

आणखी चार पानं उलटली. “हं,” तिने वाचलं. आणखी पुढे. “हं.” तिचा आवाज कापायला लागला. “प्रत्येक पानावर आहे गं हा. सगळ्यांवर संशय घेतला मी, कुत्र्यावरसुद्धा घेतला, आणि ह्याच्याकडे एकदाही बघितलं नाही.”

तिने चष्मा काढला आणि वळून मागच्या कोपऱ्याकडे पाहिलं. खिडकीखाली, वाफेत, काका तो ताठ शर्ट हातात धरून उभे होते. कुठे बघावं ते त्यांना कळत नव्हतं.

“अहो,” मावशी म्हणाली. “तुम्ही ऐकत होतात?”

“हो,” काका म्हणाले.

“सगळं?”

“सगळं.”

“मग इतकी वर्षं एकदा तरी बोलायचं होतं ना हो!” ती रडत होती आणि चिडलेलीही होती. “मी आपली भिंतीशी बोलतेय असं समजून बसले!”

काकांनी शर्ट खाली ठेवला. “तू किती छान सांगतेस,” ते म्हणाले. “मध्ये कोण बोलणार?”

मावशीने हाताला लागला तो हँगर त्यांच्या दिशेने फेकला. तो कोटांवर जाऊन पडला. मग ती काउंटरच्या मागून गेली आणि इस्त्रीच्या टेबलाशी, त्यांच्या शेजारी उभी राहिली. मला तिथे थांबायचं काही कारण नव्हतं, पण मी थांबले. मला रडूही येत होतं आणि काकांचा अभिमानही वाटत होता.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या सुरू झाल्या. मी गेले तेव्हा दोघांचं त्यावरून जुंपलेलं. मावशीने लिहिलं होतं: ‘रहस्यकथा. भाषा साधी, मधला भाग लांबलाय, लेखक नवखा. मला खुनी ओळखता आला नाही. प्रत काउंटरवर मागा. कोपऱ्यात बसलेल्या माणसाकडे लक्ष ठेवा.’

“हे शेवटचं खोड,” काका म्हणत होते. “शेवट कळतो.”

“तेच तर महत्त्वाचं आहे!”

“तूच म्हणतेस, खुनी परवडला. आणि मधला भाग लांबला नाहीये. तिथे भाच्याला वेळ द्यावा लागतो.”

“भाच्याला वेळ? दोन प्रकरणं नुसता जिना चढतोय तो!”

काका एवढं बोलताना पाहून एक गिऱ्हाईक आपला कोट न घेताच उभं राहिलं होतं. शेवटी काकांचं म्हणणं खरं ठरलं. मावशीने नवी चिठ्ठी लिहिली, शेवटची ओळ गाळून, आणि दिवसभर तीच नक्कल करून गठ्ठ्यांना टाचली.

पण पहिली चिठ्ठी तिने फाडली नाही. लाँड्रीवाल्याचे कपडेही लाँड्रीतच धुतले जातात. संध्याकाळी काकांच्या शर्टांचा गठ्ठा तयार झाला, तेव्हा तिने ती त्याच्यावर लावली. लेखकापासून शेवट लपवायचं काही कारण नव्हतं. ‘लक्ष ठेवा’ या शेवटच्या ओळीखाली तिने आणखी दोन शब्द लिहिले होते: ‘आता ठेवते.’

काकांनी चिठ्ठी वाचली. मग टाचणी काढली, बोटाला टोचून न घेता, आणि चिठ्ठी अंगातल्या शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली.

“हं,” ते म्हणाले.

“ऐकलं मी,” मावशी म्हणाली.